तक्रारदाराचा सत्कार

माझी आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, शौचाला निघाली की घरभर ऐकू जाईल असं सांगून निघायची, "जाऊन येते." पाहुणे बसलेले असोत, भजनाचा माइक चालू असो, तिला फरक पडत नसे. पदर खोचायची, सांगायची, जायची. आमच्या वस्तीत संडास नव्हते तेव्हा बायकांबरोबर डबा घेऊन जायची. अंगणात संडास बांधला गेल्यावर तो तिनं स्वतःच्या ताब्यात घेतला. आत चप्पल नेलेली तिला चालायची नाही. दूध सुटल्यापासून हिनं अंथरूण एकदाही ओलं केलं नाही, असं आजी सांगायची, आणि ते सांगताना आजीच्या आवाजात, दुसऱ्या बायका पोराच्या नोकरीबद्दल बोलतात तसला तोरा असायचा.

आत्याची समज पाच-सहा वर्षांच्या लेकराएवढी आहे, असं डॉक्टरनी लिहून दिलंय. वय पन्नाशीच्या पुढं. मधलं अंतर कुठं गेलं ते डॉक्टरनी लिहिलेलं नाही.

आजी गेल्यावर प्रश्न आला. वडील शाळेत शिपाई. आई हळद शिजवायच्या हंगामात उजाडायच्या आत घर सोडते. मी हिंगोलीत, संघटनेच्या कामात. आणि आत्याला रस्त्याची ओढ. आखाडा बाळापूरच्या बाजारापर्यंत चालत जायची, हात करून ट्रक थांबवायची. एका ट्रकवाल्यानं तिला घरी आणून सोडलं आणि वडिलांना दारात उभं करून शिव्या दिल्या.  पुढच्या आठवड्यात त्यांनी जागा शोधली.

ती जागा म्हणजे बाळापूरच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत, एका शेताच्या कडेला बांधलेलं घर. ज्यांना घरी सांभाळणारं कोणी नाही अशा मोठ्या वयाच्या, मंद बुद्धीच्या बायका तिथं राहतात. नवरा-बायको मिळून चालवतात. नवऱ्याला सगळे सर म्हणतात, म्हणून मीही सर म्हणते. ते कधी कुठं शिकवत होते का, मला माहीत नाही. घराला परवाना आहे. तो ऑफिसच्या भिंतीवर, फ्रेम करून, देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलाय, आणि देवांना हार घालताना त्यालाही घालतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा परवान्यावरची मुदत वाचायला मला झेंडूची फुलं बाजूला करावी लागली. मुदत शिल्लक होती.

आमच्या संघटनेच्या पत्रकांत अशा जागांना छळछावण्या म्हणायची पद्धत आहे. तो शब्द मीच बसवलाय. म्हणून इथं स्पष्ट लिहिते, ही छळछावणी नव्हती. जेवण बरं होतं. कपडे धुतलेले असायचे. कोणी मारत नव्हतं. दुपारची जेवणं झाली की बायकांना आपापल्या खोल्यांत नेत आणि चहा होईपर्यंत खोल्यांना बाहेरून कड्या लागत. एवढंच होतं.

मला ते कळलं, कारण एकदा मी न सांगता गेले. एसटी चुकली होती, पोचायला दुपार झाली. व्हरांड्यात तिथं काम करणारी मावशी सतरंजीवर आडवी झालेली. गावातलीच बाई, सगळ्यांचं न्हाणं-धुणं-भरवणं तीच करते. मला बघून उठून बसली.

"आत्ता काहून आलात? समद्या निजल्या."

तेवढ्यात आत्याच्या खोलीतून आवाज आला. "जाऊन येते."

मी मावशीकडं पाहिलं. मावशीनं डोक्यावरचा पदर नीट केला. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, आधीपेक्षा मोठा. "जाऊन येते!"

"तिला जायचंय," मी म्हटलं.

"बांधलंय तिला. व्हईल त्याच्यातच."

"काय बांधलंय?"

"डायपर, दुसरं काय! तुमी लिहून राहिलात तसं दोरीनं न्हाई बांधलं." मावशीला माझी पत्रकं माहीत होती. "ताई, मी एकली. ह्या अकरा. एकीला सोडलं की दुसरीला सोडा. अन् तुमच्या आत्याचा पाय तर रस्त्यावरच."

आतून तिसऱ्यांदा आवाज आला नाही. मी उठून कडी काढली तेव्हा आत्या भिंतीकडं तोंड करून उभी होती. ती माझ्याकडं वळली नाही. मी हाक मारली तरी वळली नाही. खोलीत वास होता. मावशीनं मला बाहेर काढलं आणि आत जाऊन तिला साफ केलं. वाईट वागली नाही. उलट साफ करताना तिच्याशी गोड बोलत होती, "झालं झालं, माझी सोनी ती."

पत्रकात इथं दोन उद्गारचिन्हं आली असती. मला त्या दिवशी राग येईल असं वाटत होतं. आला नाही. बसमध्ये बसले, बाहेर हळदीच्या ढिगांवर ताडपत्र्या टाकणं चाललेलं, मी ते बघत राहिले. राग नंतर लिहिताना येतो, तशी माझी सवय आहे. त्या वेळी लिहितानाही आला नाही. तक्रार अर्धं पान झाली. मागणी एक: दुपारी खोल्यांना बाहेरून कडी लावू नये, हवं तर फाटकाला कुलूप लावावं, आणि दुपारसाठी आणखी एक बाई ठेवावी.

संघटनेतले आमचे दादा, ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं, ते वाचून म्हणाले, "हे काय? हे तर शेजाऱ्याला नाली साफ करायला सांगितल्यासारखं झालं. अन्याय कुठंय यात?"

"कडी लिहिलीय ना."

"कडीनं माणूस पेटत न्हाई, पोरी."

तरी मी तसाच अर्ज दिला. कोणत्या खात्याकडं, ते लिहीत नाही. या बायकांचं खातं नक्की कोणतं यावरच बरेच महिने गेले. एक म्हणे, म्हाताऱ्या असत्या तर आमच्याकडं. दुसरं म्हणे, लहान असत्या तर आमच्याकडं. तिसरीकडं विचारलं, "वेड्या आहेत का?" मी म्हटलं, नाही. "मग आमच्या न्हाईत." शेवटी एका टेबलावर अर्ज टिकला, आणि परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आलीच होती म्हणून तपासणीचं पत्र निघालं.

आमची कित्येक वर्षांची घोषणा होती, तपासणी झालीच पाहिजे. ती होणार होती. दादांनी ऑफिसात पेढे वाटले. मी एक खाल्ला.

तपासणीचं पत्र आधी त्या घराला जातं, हे मला माहीत होतं. येणाऱ्यांच्या चहा-जेवणाची सोय व्हावी म्हणून जातं, असं म्हणतात. त्यामुळं कडी काढून ठेवतील, खोल्या धुऊन काढतील, नवे कपडे घालतील, हे सगळं मी धरूनच चालले होते. त्यासाठी मी अर्जात लिहिलं होतं की तक्रारदाराला हजर राहू द्यावं आणि जेवणानंतरची वेळ पाहावी. पण जे झालं ते मी धरलं नव्हतं.

फाटकावर फ्लेक्स होता. तपासणी समितीचे हार्दिक स्वागत. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा फोटो, सरांचा फोटो, आणि खाली उजवीकडं माझा. माझ्या व्हॉट्सॲपवरून घेतलेला. त्यात मी गॉगल घालून सिद्धेश्वरच्या धरणावर उभी आहे. फोटोखाली लिहिलं होतं, प्रमुख उपस्थिती.

"सर, मी तक्रारदार आहे," मी म्हटलं.

"व्हय, म्हणून तर!" सर म्हणाले. "तकलीफ घेऊन आलात तुमी. बसा, वर बसा."

वर म्हणजे अंगणात मांडव टाकून, सतरंज्या घालून केलेल्या स्टेजवर. लाल कापड घातलेल्या तीन खुर्च्या होत्या. मधे साहेब. मी उभीच राहिले असते, पण तिथं उभं राहायला जागा नव्हती. सगळ्या बायका स्टेजपुढं बसवलेल्या, गावातले दहा-वीस लोक मागं उभे. मी बसले.

आपल्याकडं कोणीही आलं की सत्कार होतो. पोलीस चौकशीला आले तरी नारळ देतात, असं लोक थट्टेनं म्हणतात. मी ते खरोखर पाहिलेलं आहे. त्यामुळं साहेबांना शाल आणि श्रीफळ, यात मला नवल वाटलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान हलवली, नको म्हणून. सर माइकवर म्हणाले, "ताईंनी आमच्या चुका दाखवल्या. चुका दाखवणारी माणसंच आपली असतात. त्यांचा सत्कार आमच्या हातून नको, आमच्या लाभार्थी भगिनींच्या हातून होईल."

आणि आत्या उठली.

हिरवी साडी नेसवली होती, केसांत गजरा. दोन्ही हातांवर शाल, घडी न मोडता, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मावशी तिच्यामागं चालत होती, पण आधार द्यायची गरज नव्हती. आत्या स्टेजच्या पायऱ्या नीट चढली. माझ्यापुढं येऊन शाल उलगडली.

"आठ दिस झाले," मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "टावेल घेऊन माझ्याच खांद्यावर टाकून राहिली. दिसंभर. घ्या बाई आता वाकून."

मी काय करायला पाहिजे होतं, यावर दादांनी नंतर मला पुष्कळ सांगितलं. शाल नाकारायची, माइक घ्यायचा, तिथंच निषेध नोंदवायचा. मी हे पन्नास लोकांना शिबिरात शिकवलेलं आहे. माझ्यापुढं आत्या दोन्ही हात वर करून उभी होती, आणि तिची उंची कमी असल्यानं शाल माझ्या खांद्यापर्यंत पोचत नव्हती. मी वाकले. तिनं शाल टाकली, वरून दोनदा थोपटली. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. आत्यानंही वाजवल्या.

मग तपासणी. स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, औषधांचं कपाट, परवाना. साहेब परवान्यापुढं बराच वेळ उभे राहिले, हार ताजा होता. खोल्यांकडं वळलो तेव्हा मी पुढं झाले. आत्याच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. जिथं होती तिथं छिद्रं होती, आणि छिद्रांत साबण भरला होता. वासावरून कळलं. मी नखानं थोडा साबण काढून साहेबांना दाखवला.

"साहेब, इथं कडी होती."

साहेब वाकून बघू लागले. भले गृहस्थ होते, चिडले नाहीत. "ताई, छिद्रावर मी काय शेरा मारू?"

"काल काढलीय, असा मारा."

"कडी असती तर लिहिलं असतं कडी हाय. कडी न्हाई, तर कडी न्हाई असंच लिहावं लागंल ना? अन् न्हाई म्हणजे तुमची मागणी मान्यच झाली की!"

मागं सर हसले. वाईट हेतूनं नाही, त्यांना खरोखरच गंमत वाटली असावी. मग म्हणाले, "ताई, मलाबी कडी लावायची हौस न्हाई. एक बाई रस्त्यावर गेली, ट्रकखाली आली, तर पत्रक कुणाच्या नावानं निघंल? तुमीच काढसाल."

याचं उत्तर माझ्याकडं होतं. फाटकाला कुलूप, दुपारची जादा बाई. मी ते दिलंही. साहेब म्हणाले, "बराबर हाय, सूचना म्हणून लिहितो." तेवढ्यात जेवणाची पानं मांडली गेली.

पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. जेवण झाल्याबरोबर साहेबांची जीप निघाली. मला म्हणाले, हिंगोलीपर्यंत चला. मी थांबले. मला जेवणानंतरची वेळ बघायची होती. पण त्या दिवशी जेवणानंतर बायकांना खोल्यांत नेलंच नाही. अंगणात संगीत खुर्ची ठेवली होती. गाणं थांबलं तरी आत्या बसायची नाही, नुसती फिरत राहायची, आणि बाद झाली तरी पुन्हा येऊन फिरायची. कोणी अडवलं नाही. मधेच ती मोठ्यानं म्हणाली, "जाऊन येते," आणि सगळ्यांदेखत जाऊन आली. मी ते पाहिलं. त्यासाठीच मी अर्ज केला होता, आणि ते माझ्या डोळ्यांपुढं झालं. मला काही वाटलं नाही. शालीनं गरम होत होतं, ती काढून मी मांडीवर ठेवली.

परवान्याचं नूतनीकरण झालं. माझ्या अर्जाचं काय झालं ते विचारायला मी साहेबांच्या ऑफिसात गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि अहवाल वाचून दाखवला. तक्रारदार समक्ष उपस्थित होत्या. त्यांचा यथोचित सत्कार करण्यात आला, तो त्यांनी स्वीकारला. सबब तक्रारदाराचे समाधान झाल्याचे दिसून येते. तक्रार निकाली. सोबत छायाचित्र.

"मी समाधान झालं असं म्हटलं नाही," मी म्हणाले.

"शाल घेतली ना, ताई?"

"आत्यानं घातली."

"तेच तर! लाभार्थीनंच घातली म्हणल्यावर आणखी काय पाहिजे? अन् हे बघा." त्यांनी फोटो माझ्याकडं फिरवला. मी वाकलेली, आत्या हसणारी. "हिच्या तोंडावर नाराजी दिसून राहिली का तुमाला?"

नव्हती. फोटोत आत्या जितकी खूश दिसते तितकी ती त्या दिवशी खरंच होती.

"मी नवीन तक्रार देते."

"त्याच विषयावर न्हाई घेता येत. निकाली निघाली ती." मग आवाज खाली आणून, समजुतीनं म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. शाल न घेता परत पाठवली असती तर मी लिहिलं असतं, सत्कार नाकारला, असमाधानी. पण म्हाताऱ्या बाईचा हात कोण परतवतं? मीबी परतवला नसता."

ते खरं बोलत होते. चहा चांगला होता.

वडिलांनी तो फोटो स्टेटसला ठेवला. आईनं शेजारच्यांना दाखवला. दादा माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत, मग म्हणाले, "शाल तरी बरी आहे का?" मी म्हटलं, बरी आहे. पुढच्या पत्रकात त्यांनी तपासण्यांत सत्कारास बंदी अशी मागणी घातली. ती मागणी ऐकून तालुक्याच्या कार्यक्रमात लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पत्रक वाचणाऱ्या दादांना नारळ दिला.

कड्या परत लागल्या होत्या. नव्या छिद्रांत, जुन्यांच्या थोड्या वर. सरांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. मीच फोन केल्यावर म्हणाले, "तुमची आत्या हाय, तुमी या, तुमी उघडा, बसा, कोण न्हाई म्हणतंय? तुमी आहात तवर जबाबदारी तुमची."

म्हणून मी रविवारी जाते. जेवणानंतरच जाते. पहिल्या रविवारी मावशी सतरंजीवर होती, उठली नाही, नुसता हात हलवला. मी आत्याची कडी काढली. तिनं मला पाहिलं, सांगायचं ते सांगितलं, कमरेची चिकटपट्टी स्वतःच ओरबाडून काढली आणि चालू लागली. अंगणातून संडासापर्यंत गेली, दार लावून घेतलं. पाणी पडल्याचा आवाज आला. पाय धुऊन बाहेर आली.

कडीचा आवाज शेजारच्या खोलीत गेला होता. तिथून कोणी तरी दारावर हात मारत होतं. मग त्याच्या पलीकडून. मी दुसरी कडी काढली. ती बाई कुठंच गेली नाही, उंबऱ्यावर बसली. तिसरीवाली संडासाकडं गेली. चौथी उघडल्यावर आतली बाई रडायला लागली, का ते कळलं नाही.

मावशी आता उभी होती. "ताई, समद्या सोडल्यावर मी काय करू वो?"

"मी आहे ना."

"कवापस्तोर?"

शेवटची थेट बस चहाच्या आधी येते. ती चुकली तर बाळापूरला जाऊन दुसरी धरावी लागते, आणि ती रविवारी येईलच असं नाही. फाटकाला कुलूप नव्हतं. मी सरांना त्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, सूचना आली हाय, पाहू.

"बस येईपर्यंत," मी म्हटलं.

"अन् मंग?"

आत्या माझ्याजवळ येऊन बसली. ओल्या पायांचे ठसे फरशीवर होते, उन्हात सुकून चालले होते.  उंबऱ्यावरची बाई गात होती, स्वागतगीताच्या दोन ओळी, पुन्हा पुन्हा. तिसरीवाली फाटकाकडं निघाली. मावशी धावली, तिला हाताला धरून आणलं, माझ्याकडं बघितलं.

बसची वेळ झाली. मी एकेकीला आत नेलं. रडणारी आधीच आत होती. उंबऱ्यावरचीला उठवायला मावशीनं मदत केली. आत्याला काही सांगावं लागलं नाही, ती स्वतःच खाटेवर जाऊन आडवी झाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. मावशीनं डायपर आणला. मी दाराबाहेर थांबले. मावशी बाहेर आली, तिच्या दोन्ही हातांत कपडे होते.

"लावा तेवढी," ती म्हणाली.

मी कडी लावली आणि रस्त्याकडं चालू लागले.